टाकी मोठी घेतली तर नळाचा दाब वाढतो का?

अंत्रुजवासी

फोंड्याला आमच्या घराच्या वरच्या मजल्याचे काम चालू आहे. नळजोडणी करणाऱ्या कारागिराचे म्हणणे असे की, गच्चीवर १००० लिटरऐवजी २००० लिटरची टाकी बसवली तर वरच्या न्हाणीघरातल्या शॉवरला ‘प्रेशर’ चांगले मिळेल. आठवीत शिकणारी माझी पुतणी लगेच म्हणाली की टाकी केवढी आहे याचा काही संबंध नाही, फक्त उंची मोजायची. दोघेही आपापल्या मतावर ठाम आहेत आणि घरात दोन तट पडले आहेत.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र मलाही पाठ आहे, तेव्हा कृपया तेवढेच पुन्हा लिहू नये. माझी अडचण निराळी आहे. दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट वजन, आणि दुप्पट वजन म्हणजे टाकीच्या बुडावर दुप्पट बल. हे जादा बल जर नळापर्यंत पोहोचत नसेल, तर ते जाते कुठे?

सत्तरीचा मास्तर

ते कुठेही जात नाही, ते तुमच्या गच्चीवरच राहते. आकडे घेऊन पाहू. पहिल्या टाकीच्या बुडाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि पाण्याची उंची १ मीटर आहे असे समजा. पाणी १००० किलो, त्याचे वजन ९,८०० न्यूटन, आणि बुडावरचा दाब ९,८०० पास्कल. दुसरी टाकी तेवढ्याच उंचीची, पण बुडाचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर. आता वजन १९,६०० न्यूटन झाले खरे, परंतु ते दुप्पट क्षेत्रफळावर वाटले गेले, म्हणून दाब पुन्हा ९,८०० पास्कलच. नळाची नळी जिथे जोडलेली आहे तिथल्या चार-पाच चौरस सेंटीमीटर तोंडावर दोन्ही टाक्यांतून सारखेच बल येते. उरलेल्या बुडावरचे बल उरलेल्या बुडाखालची गच्ची पेलते.

मुलांना शिकवताना मी सूत्राच्या आधी दोन प्रश्न फळ्यावर लिहितो. बलाविषयी बोलायचे असेल तर ‘कशावर?’ हे सांगावेच लागते: बुडावर, झाकणावर, दरवाजावर. दाबाविषयी बोलायचे असेल तर ‘कुठे?’ एवढे सांगितले की पुरते: पृष्ठभागाखाली १ मीटरवर, शॉवरच्या तोंडाशी. कारागीर ‘कशावर’चे उत्तर ‘कुठे’ला देत आहेत.

एक पुस्ती मात्र जोडतो. २००० लिटरची टाकी तेवढ्याच घेराची पण दुप्पट उंच असेल, तर ती भरलेली असताना बुडाशी दाब खरोखरच दुप्पट होईल. तेव्हा टाकी रुंद आहे की उंच, हे आधी विचारून घ्यावे.

रापणकार

थोडक्यात, कारागिराने सांगितलेले जादा बल खरोखरच अस्तित्वात आहे, फक्त ते शॉवरवर न पडता अंत्रुजवासी यांच्या खिशावर पडणार आहे.

चिरेबंदी

विनोद राहू द्या, गच्चीवरही ते पडणारच आहे आणि बांधकामाच्या दृष्टीने तोच खरा मुद्दा आहे. भरलेली २००० लिटरची टाकी म्हणजे सुमारे २०,००० न्यूटन. ती पूर्ण बुडासह सपाट ओट्यावर बसवली तर स्लॅबवरचा दाब १०,००० पास्कलच्या आसपास राहतो, आणि स्लॅब, तुळया व भिंती त्या हिशेबाने बांधता येतात. परंतु पुष्कळ ठिकाणी लोखंडी कोनपट्ट्यांचा चार पायांचा स्टँड करून त्यावर टाकी चढवतात. प्रत्येक पायावर ५,००० न्यूटन येतात. पायाखाली ५ सेंटीमीटर चौरसाचा तुकडा असेल, तर क्षेत्रफळ झाले २५ चौरस सेंटीमीटर आणि दाब झाला २० लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ वीसपट. त्या जागी वॉटरप्रूफिंगचा थर दबतो, आधी केसासारखी भेग पडते, पहिल्या पावसात छताला ओल येते आणि मग दोष सिमेंटला दिला जातो.

त्याच पायाखाली ३० सेंटीमीटर चौरसाची जाड पोलादी पट्टी टाका. बलात एका न्यूटनचाही फरक पडत नाही, पण दाब ५५ हजार पास्कलवर येतो. पट्टी पातळ असेल तर ती वाकते आणि भार पुन्हा मधल्या तुकड्यावरच राहतो, म्हणून ‘जाड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्लास्टिकची टाकी असेल तर वरही पूर्ण बुडाला आधार देणारा सपाट तळ हवा, नुसत्या आडव्या पट्ट्या चालणार नाहीत.

शंकासुर

मास्तरांचा हिशेब सरळ भिंतींच्या टाकीसाठी ठीक आहे. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शंकुपात्र घ्या, खाली रुंद आणि वर निमुळते. त्यात गळ्यापर्यंत पाणी भरले तर बुडावरचा दाब उंचीवरून ठरणार आणि बल म्हणजे तो दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. हे बल आतल्या पाण्याच्या वजनापेक्षा जास्त भरते! पाणी स्वतःच्या वजनापेक्षा जास्त बल कसे लावू शकेल? आणि तसे असेल तर तराजूवर पात्र जड का भरत नाही?

सत्तरीचा मास्तर

शंकासुर, प्रश्न जुना आहे आणि उत्तम आहे. फ्लेमिश अभियंता सिमॉन स्टेव्हिन याने १५८६ साली द्रवांच्या समतोलावर लिहिताना हेच दाखवले होते की, बुडावरचे बल बुडाचे क्षेत्रफळ आणि पाण्याची उंची यांवरून ठरते, पात्राच्या आकारावरून नाही.

उत्तर तिरक्या भिंतींत आहे. पाणी भिंतीला लंब दिशेने ढकलते, म्हणजे बाहेर आणि थोडे वर. भिंत उलट पाण्याला आत आणि थोडे खाली ढकलते. म्हणून बुडावर पाण्याच्या वजनाबरोबरच भिंतींनी खाली लावलेले बलही येते. तराजूला मात्र पात्र आणि पाणी यांची बेरीज कळते: बुड जितके जादा खाली ढकलले जाते, तितकीच भिंत वर ढकलली जाते, आणि काटा पाणी व काच यांच्या वजनावरच थांबतो. एकाच पाण्याने एकाच वेळी निरनिराळ्या पृष्ठभागांवर निरनिराळी बले लावली, पण त्या पाण्यात प्रत्येक उंचीला दाब एकच एक होता.

खाजनवाला

स्टेव्हिनच्या देशाप्रमाणे आमच्याही गावात बांध घालून पाणी अडवण्याची जुनी विद्या आहे, म्हणून लिहितो. आमची शेती चोडणला खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत आहे. बांधात जिथे मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप असते, तिथे लाकडी दारे अशी बसवलेली असतात की नदीला भरती आली की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. कोणी माणूस उभा राहून ती उघडझाप करत नाही. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर गेली की दार आपल्या चौकटीवर घट्ट बसते, आणि पातळी जितकी चढेल तितके अधिक घट्ट बसते.

मास्तरांच्या रीतीने हिशेब केला. दार १ मीटर रुंद, उंबऱ्यापासून बाहेर पाणी २ मीटर आणि आत १ मीटर. बाहेरून सरासरी दाब ९,८०० पास्कल आणि भिजलेले क्षेत्रफळ २ चौरस मीटर, म्हणून १९,६०० न्यूटन. आतून सरासरी ४,९०० पास्कल आणि क्षेत्रफळ १ चौरस मीटर, म्हणून ४,९०० न्यूटन. फरक १४,७०० न्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतके बल एका दारावर. खारे पाणी थोडे जड असल्याने प्रत्यक्षात किंचित जास्तच. पाणी दुप्पट चढले की बल चौपट होते, कारण सरासरी दाबही दुप्पट होतो आणि भिजलेले क्षेत्रफळही. भरतीच्या शेवटच्या वीतभर पाण्याला बांध का फुटतो, हे जुन्या माणसांना सूत्राशिवाय ठाऊक होते.

मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा की, दारापलीकडे अख्खी मांडवी नदी आहे की हातभर रुंदीचा ओहोळ आहे, याने दारावरच्या बलात फरक पडत नाही. उंबऱ्यापासून पाणी किती वर आहे एवढेच दाराला भोवते. अर्थात मी उभ्या पाण्याविषयी बोलतो आहे, लाटांचा मार वेगळा.

चिरेबंदी

अगदी बरोबर. साळावलीचा जलाशय मागे कितीही दूरवर पसरलेला असो, धरणाच्या पायथ्याशी पाण्याचा दाब त्या ठिकाणच्या खोलीवरूनच काढतात. धरण खाली रुंद आणि वर अरुंद असते, त्यामागचे एक कारण हेच आहे.

तिरफळ

सगळे फारच एकमताने चालले आहे, म्हणून मी आडवा पाय घालतो. बल ही सदिश राशी आणि दाब ही अदिश, म्हणजे दाबाला दिशा नसते, असे पुस्तकात छापलेले असते. मग मानशीचे दार नेमके एकाच बाजूला कसे ढकलले जाते? दिशा नसलेल्या राशीतून दिशा असलेले बल कुठून उपटले?

सत्तरीचा मास्तर

दिशा पृष्ठभागाने पुरवली. पाण्यात एका ठरावीक खोलीवर लहानशी चकती धरा. ती आडवी, उभी, तिरपी कशीही फिरवली तरी तिच्या एका बाजूवर पडणारे बल तेवढेच राहते, फक्त ते चकतीच्या त्या त्या स्थितीत तिला लंब असते. खोली तीच असल्याने दाब तोच राहिला, चकती वळली म्हणून बल वळले. दार उभे आहे, म्हणून त्यावरचे बल आडवे. टाकीचे बूड आडवे आहे, म्हणून त्यावरचे बल खाली.

आणि दार सरकते ते दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाने. हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल आहे, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटरच्या तळहातावर हजारावर न्यूटन. हात खाली जात नाही, कारण खालूनही हवा तेवढेच ढकलते. जर्मनीत माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिके याने १६५०च्या दशकात तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते सुटेनात, ते याचमुळे. अर्धगोलांचा व्यास सुमारे अर्धा मीटर होता. येथे क्षेत्रफळ गोलाच्या पाठीचे घ्यायचे नाही, जोडाच्या वर्तुळाचे घ्यायचे, कारण तिरक्या बलांचे ओढीच्या दिशेशी काटकोनात असलेले घटक एकमेकांना रद्द करतात. वर्तुळ ०.२ चौरस मीटर, म्हणून बल सुमारे २०,००० न्यूटन. दाबाला दिशा असती तर घटकांचा हा खटाटोप करावाच लागला नसता.

तिरफळ

द्रवांपुरते मान्य. पण चिऱ्याच्या भिंतीत वरून भार येतो तेव्हा आडव्या दिशेने तेवढाच भार नसतो. तिथे तुमचे ‘सर्व दिशांना सारखे’ लागू पडत नाही.

चिरेबंदी

पडत नाहीच, आणि म्हणून स्थायू पदार्थांच्या आत काय चालले आहे हे सांगताना आम्ही प्रतिबल मोजतो, ज्यात कोणत्या पृष्ठभागावर आणि कोणत्या दिशेने हे दोन्ही सांगावे लागते. स्थिर पाणी कातरले जाण्याला विरोध करत नाही, लगेच वाहते, त्यामुळे त्यात फक्त लंब ढकलणे उरते आणि एका बिंदूपाशी ते सर्व बाजूंनी समान असते. आठवीच्या मुलीला इतके सांगण्याची गरज नाही, पण तिरफळ यांचा आक्षेप रास्त आहे.

शिंपला

मी ग्रँड बेटाजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेतो. उडी मारताना बहुतेकांना भीती वाटत नाही, पण दोन-तीन मीटर खाली गेल्यावर कान ठणकू लागतो तेव्हा ते घाबरतात. ३ मीटरवर जादा दाब ३०,००० पास्कल. कानाचा पडदा अर्ध्या ते पाऊण चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे बल दीड-दोन न्यूटन, जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाएवढे. तळहातावर एवढे वजन ठेवले तर ते जड वाटतही नाही, कानाच्या पडद्यावर ते असह्य होते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायला आम्ही सांगतो, म्हणजे घशातून कानाच्या आतल्या पोकळीत हवा जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि बेट लहान की समुद्र मोठा याचा त्याच्याशी संबंध नाही, हे खाजनवाल्यांनी सांगितलेच आहे.

पेडण्याची माई

माझा दाब १४० असतो. तो न्यूटनमध्ये किती, हे मास्तरांनी सांगितल्याशिवाय मी आज गोळी घेणार नाही.

शिंपला

माई, गोळी आधी घ्या. तो १४० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १८,७०० पास्कल, आणि तोही वातावरणाच्या दाबाहून जास्तीचा. न्यूटनमध्ये सांगायचा तर कोणत्या नसेच्या किती भागावर, ते तुम्हाला सांगावे लागेल. मात्र मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर ठेवत जा. दंड ४० सेंटीमीटर खाली लोंबला तर त्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभामुळे आकडा तीसेक मिलिमीटरने जास्त दिसेल. टाकी खाली आणली की नळ जोरात येतो, तसे समजू नका, इथे नळ खाली नेला आहे.

काजूबागायतदार

आमच्याकडे काजूच्या बोंडांचा रस काढतानाही हाच फरक दिसतो. बोंडे पायांनी तुडवून झाली की चोथ्याचा गोल ढीग करून तो वेलीने बांधतात आणि वर जड दगड ठेवतात, मग त्यातून नीरो ठिबकत राहतो. बांधला नाही तर ढीग पसरतो, दगड तोच असला तरी त्याचा भार जास्त जागेवर वाटला जातो आणि नीरो आटतो. तुडवणारा माणूस एका टाचेवर भार देतो, तोही त्याचसाठी. वजन वाढवणे त्याच्या हातात नसते.

नळकामवाला

मी हेच काम करतो, म्हणून आमच्या व्यवसायबंधूची बाजू मांडतो. मास्तरांचा सगळा हिशेब नळ बंद असतानाचा आहे. आंघोळ मात्र नळ उघडून करतात.

नळ बंद असताना अर्ध्या इंची पाइप असो वा एक इंची, शॉवरपाशी दाब सारखाच. नळ उघडला की पाणी वाहू लागते, पाइपच्या आतल्या भिंतीशी घर्षण होते, प्रत्येक एल्बोपाशी आणि व्हॉल्व्हपाशी दाब थोडा थोडा खर्च होतो, आणि शॉवरपाशी उरतो तो उरलेला दाब. तेवढेच पाणी नेताना पाइपचा आतला व्यास दीडपट केला तर घर्षणातला हा खर्च सुमारे सातपट कमी होतो. मोठ्या टाकीला बहुधा बाहेर पडणारे तोंडही मोठे ठेवतात आणि खालची पाइपही जाड टाकतात. गिऱ्हाईक म्हणते की मोठ्या टाकीने फरक पडला, पण फरक पाइपने पडलेला असतो. दुसरे असे की लहान टाकीतील पाणी दोन बादल्या काढल्या की लवकर खाली उतरते आणि रुंद टाकीत ते सावकाश उतरते. शॉवर टाकीच्या अगदी जवळ असेल तर हा थोडासा फरकही जाणवतो.

अंत्रुजवासी, शॉवरपासून टाकीतील पाण्याची पातळी किती वर आहे, हे सांगा.

अंत्रुजवासी

वरच्या मजल्यावर साधारण अडीच मीटर, खालच्या मजल्यावर साडेपाच मीटर. म्हणजे वर २४,५०० पास्कल आणि खाली सुमारे ५४,०००. खालच्या न्हाणीघराची कोणाचीही तक्रार नाही, हे आता लक्षात येते. पाइप सध्या सगळीकडे अर्ध्या इंची आहे. टाकी १००० लिटरचीच ठेवून एक मीटर उंच चढवली तर?

सत्तरीचा मास्तर

वरच्या शॉवरचा दाब ३४,३०० पास्कल होईल, म्हणजे ४० टक्के वाढ. पाण्याचा वेग मात्र दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १८ टक्क्यांच्या आसपासच वाढ धरा.

नळकामवाला

त्यापेक्षा टाकीपासून न्हाणीघरापर्यंतची मुख्य पाइप पाऊण इंची करा, वळणे कमी करा आणि बारीक भोकांचा आयात केलेला शॉवर घेऊ नका, कारण तो जास्त दाबासाठी केलेला असतो. टाकी चढवायचीच असेल तर चिऱ्याचा भरीव ओटा बांधा.

रापणकार

आणि वादळाचा विचार करा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या शेजारची रिकामी टाकी गच्चीवरून उडून माडात जाऊन बसली होती. वाऱ्याचा दाब तो काय असणार!

चिरेबंदी

दाब खरोखरच थोडा असतो. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब ४६० पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे शिंपला यांच्या कानाला ५ सेंटीमीटर पाण्याखाली जाणवेल तेवढा. पण १००० लिटरच्या टाकीची वाऱ्यासमोर येणारी बाजू सव्वा चौरस मीटरहून अधिक असते, त्यामुळे सपाट फळी धरली तर ६०० न्यूटन, आणि गोल आकारामुळे त्याहून कमी धरले तरी ४०० न्यूटन कुठे गेले नाहीत. रिकाम्या टाकीचे वजन ३०० न्यूटनच्या आत-बाहेर असते. ती घसरणारच. मृगाआधी टाकी भरलेली ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि घर बंद करून जायचे असेल तर ओट्यात कड्या बसवून पट्ट्याने बांधावी. कड्या ओट्याचे काम चालू असतानाच बसवून घ्या, मागाहून ड्रिल मारून बसवलेल्या तितक्या पक्क्या राहत नाहीत.

अंत्रुजवासी

कड्या कोणत्या जाडीच्या घ्याव्यात आणि चार पुरतील का? गवंडी उद्या सकाळी येणार आहे.

चिरेबंदी

१० मिलिमीटर सळीच्या चार पुरतात, पण सळी ओट्याच्या काँक्रीटमध्ये किमान एक वीत आत जाऊन वळलेली असावी. समुद्राची हवा तुमच्याकडे थोडी कमी असली तरी कड्या गॅल्व्हनाइज्डच घ्या.